‘गुड, सर’ एवढ्यावर घोडा मिळत नाही

या आठवड्याचं पत्र थोडं कापून देतोय. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, बाकी शब्द त्याचेच.

“काका, मी डिचोली तालुक्यातला, वय २०. सोळाव्या वर्षी पुण्याला मामाकडे गेलो. मामा रेसकोर्सवर मोतद्दार, त्याच्या ओळखीनं रायडिंग बॉय, म्हणजे सकाळी घोडे फिरवणारा पोरगा, म्हणून लागलो. पुढे आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट झाला आणि गेल्या वर्षी आयर्लंडला, किल्डेअरच्या एका मोठ्या यार्डात, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात, काम मिळालं. अप्रेंटिस जॉकीचं लायसन्सही झालं. पण चौदा महिन्यांत शर्यतीत बसलो फक्त नऊ वेळा. एकदा तिसरा आलो, बाकी शेपटाकडे. सकाळी पाच-सहा घोडे मी फिरवायचे आणि शर्यतीच्या दिवशी त्यांच्यावर दुसऱ्यानं बसायचं, असं चाललंय. ट्रेनर माणूस वाईट नाही. गॅलप (सकाळची सरावाची धाव) झाला की विचारतो, कसा गेला? मी सांगतो, ‘गुड, सर.’ तो मान हलवून पुढच्या पोराकडे वळतो. वजन ५४ किलोच्या खाली येत नाही, म्हणून शर्यतीआधी दोन दिवस काही खात नाही. चवथीला घरी आलो तो अजून इथेच आहे. आई परत सोडायला तयार नाही. पप्पा म्हणतात तारवार (जहाजावर) जा, पगार ठरलेला असतो. चुलतभाऊ इंग्लंडात स्विंडनला आहे, तो म्हणतो वेअरहाऊसमध्ये लावून देतो. किल्डेअरच्याच एका लहान ट्रेनरनं विचारलंय, माझ्याकडे येतोस का? त्याच्याकडे वीस-बावीसच घोडे. माझ्यात काही आहे की नाही हेच कळेनासं झालंय. जाऊ की राहू? – लाकडी घोडेस्वार”

लाकडी घोडेस्वारा,

टोपणनाव झकास घेतलंस. शिगम्यात साखळीला घोडेमोडणी बघायला आम्ही पोरं रात्र रात्र उभी असायचो. कमरेला बांधलेला लाकडी घोडा, एका हातात त्याचा लगाम, दुसऱ्या हातात तलवार, डोक्याला फुलांचा साज, आणि ढोलाच्या ठेक्यावर पुढे-मागे होणारी ती रांग. त्या घोड्याचा एक गुण होता, तो आपले पाय जातील तिकडेच जायचा. पुण्यात पहिल्यांदा खऱ्या घोड्यावर बसलो तेव्हा हा गुण सगळ्या घोड्यांत नसतो हे दोन मिनिटांत कळलं. तिसऱ्या मिनिटाला मी वाळूत होतो.

आधी उत्तर सांगतो, म्हणजे आईला पुढचं वाचून दाखवायचं की नाही ते तुला ठरवता येईल. परत जा. आणि याच महिन्यात जा.

‘माझ्यात काही आहे का’ याचं उत्तर मी देणार नाही, कारण नऊ शर्यतींवरून ते कुणालाच देता येत नाही. त्या नऊ घोड्यांतले किती जिंकायच्या लायकीचे होते, ते तू लिहिलेलं नाहीस. अप्रेंटिसला सुरुवातीला जे घोडे मिळतात त्यातले बरेचसे असे असतात, की त्यांच्यावर कुणीही बसला तरी ते आपल्या वेळेनंच घरी येणार. तुझा तो तिसरा नंबर कदाचित तुझ्या ट्रेनरनं लक्षात ठेवला असेल. त्याला विचारलंस का?

नाही विचारलंस. विचारलं असतंस तर पत्रात आलं असतं. म्हणून तुझ्या पत्रातली मला टोचलेली ओळ नऊ शर्यतींची नाही आणि वजनाचीही नाही. ती ‘गुड, सर’ची आहे.

माझी एक गोष्ट सांगतो. मी पुण्यात रायडिंग बॉय होतो तेव्हाची, म्हणजे १९८० च्या आसपासची. एक घोडी रोज सकाळी माझ्याकडे असायची. तापट होती, पण माझ्याशी तिचं बरं जमायचं. ट्रेनर विचारायचे, मी सांगायचो, “बराबर गयी, साब.” सगळी पोरं हेच सांगायची. एके सकाळी वळणावर ती डाव्या बाजूला जराशी आखडती पडली. मला जाणवलं. पण पुढे सरळ रस्त्यावर ती छान पळाली, आणि मला वाटलं, आपण काहीतरी बोललो तर उद्या ही घोडी दुसऱ्याला देतील. म्हणून नेहमीचंच बोललो. चार दिवसांनी शर्यतीत तिच्या पुढच्या पायाची टेंडन गेली. वर दुसराच जॉकी होता, त्याला काही झालं नाही, पण घोडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. तिच्या म्हाताऱ्या मोतद्दारानं आदल्या दिवशीच पायाला हात लावून ‘गरम आहे’ असं सांगितलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं. तो नंतर मला एवढंच म्हणाला, “बुडाखाली तुझ्या होती ना रे ती? मग मला आधी कसं कळलं?”

त्या दिवसापासून मी बोलायला लागलो. नीट शर्यती मिळायला लागल्या त्या त्यानंतर. हा योगायोग नव्हता, हे मला सहायक ट्रेनर झाल्यावर कळलं. खाली उभ्या असलेल्या माणसाकडे दुर्बीण असते, हातात घड्याळ असतं, पण घोड्याच्या बरगड्यांमध्ये श्वास कसा चालला होता हे त्याला कळायला दुसरा मार्ग नसतो. जो पोरगा हे सांगतो, त्याच्याशिवाय काम अडतं. जो ‘गुड’ म्हणतो, तो फक्त घोडा परत आणून देतो. घोडा परत आणणारी पोरं किल्डेअरला पुष्कळ आहेत. ब्राझीलची आहेत, आपल्या देशातली आहेत, इतर ठिकाणचीही आहेत.

तू म्हणशील, इंग्रजी. मान्य. आयरिश माणूस भरभर बोलायला लागला की अर्धं वाऱ्यावर जातं. पण तुला भाषण करायचं नाही, तीन वाक्यं बोलायची आहेत. सुरुवातीला ओढत होता की आरामात होता. कोणता पाय पुढे टाकून पळाला आणि वळणावर पाय बदलला का. थांबल्यावर श्वास किती वेळात खाली आला. एवढं रोज सांग. वेगळं काही जाणवलं तर चौथं वाक्य. एक बाजू धरून पळतो, नरम जमिनीत पाय उचलायला कंटाळतो, शेजारी घोडा आला की कान मागे टाकतो, असं काहीही. एक वही कर. रात्री त्यात मराठीत लिही, घोड्याचं नाव आणि तीन ओळी. मग त्याचं इंग्रजी तिथल्या हेड लॅडकडून, म्हणजे तबेल्याच्या मुकादमाकडून, करून घे. हेड लॅड हा यार्डातला सगळ्यात कामाचा माणूस. त्याला चहा पाज. महिन्याभरात तेच चाळीस-पन्नास शब्द पुन्हा पुन्हा येतात हे तुझ्या लक्षात येईल. आणि कळलं नाही तर पुन्हा विचार. आपल्याकडे पुन्हा विचारणं म्हणजे मठ्ठपणा समजतात. तबेल्यात न विचारणं महाग पडतं.

आता याच महिन्यात जा असं का म्हणतो ते.

आयर्लंडमधल्या गवतावरच्या फ्लॅट, म्हणजे बिनउड्यांच्या, शर्यती मार्चअखेर सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आटोपतात. त्यानंतर फ्लॅटवाल्यांना उरतं ते डंडॉक. तिथला ऑल-वेदर ट्रॅक २००७ पासून चालू आहे. कृत्रिम पृष्ठभाग, दिव्यांचा उजेड, हिवाळ्यातल्या शुक्रवारच्या संध्याकाळी शर्यती. पाऊस असो, गारठा असो, तिथे घोडे पळतात. नेमक्या याच काळात मोठे जॉकी दुबई, हाँगकाँग असे बाहेर जातात, काही तर आपल्या मुंबईच्या सीझनलाही येतात. म्हणजे घोडे आहेत, ट्रेनर आहेत, आणि नेहमीची नावं गैरहजर. अप्रेंटिससाठी वर्षातले हे सगळ्यात चांगले चार महिने. आणि तू चवथीची माटोळी उतरून दोन महिने झाले तरी डिचोलीत उंडे (पाव) खात बसलायस! (उंड्यांवर राग नाही. मीही सकाळी पोदेराची, पाववाल्याची, वाट बघतो.)

डंडॉकबद्दल आणखी एक. तुझं शिक्षण पुण्यात झालं. पुणे आणि महालक्ष्मी दोन्हीकडे घोडे उजव्या हाताला वळतात. किल्डेअरचं कराग मैदानही उजवीकडेच. डंडॉक डावीकडे वळतं. घोड्याच्या आधी स्वाराच्या अंगाला हे नवं असतं. चाबूक कोणत्या हातात, शरीराचा भार कोणत्या रिकिबीवर, वळणातून बाहेर पडताना नजर कुठे, सगळं उलटं. गेल्यावर पहिल्या आठवड्यात सकाळच्या कामात डावी वळणं मागून घे. ‘मला डावीकडची सवय करायची आहे, शुक्रवारसाठी’ असं सांगून माग. हे वाक्य ट्रेनरच्या कानावर गेलं की पुढचं बोलणं आपोआप निघतं.

लहान ट्रेनरचा प्रश्न. याचं उत्तर अप्रेंटिसच्या सवलतीत आहे. तू तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस याचं मला नवल वाटलं. नवशिक्या स्वाराला घोड्यानं पाठीवर वाहायच्या ठरलेल्या वजनातून सूट मिळते. ब्रिटनमध्ये फ्लॅटला पहिल्या २० विजयांपर्यंत ७ पौंड, मग ५० पर्यंत ५, आणि ९५ पर्यंत ३. आयर्लंडच्या पायऱ्या थोड्या वेगळ्या, त्या तिथे विचारून घे, हिशेबापुरते मी ७ पौंड धरतो. ७ पौंड म्हणजे सव्वातीन किलोला जरा कमी. मैलाच्या शर्यतीत साधारण २ पौंडाला घोड्याची एक लांबी असा आमचा जुना हिशेब. म्हणजे तुला बसवलं की ट्रेनरला तीन लांब्यांहून जास्त फुकट मिळतात, फक्त तू त्या वळणावर वाया घालवता कामा नये. जिंकत गेलास की ही सवलत खर्च होत जाते. तुझी अजून एक पौंडही खर्च झालेली नाही. चौदा महिने वाया गेले असं तुला वाटतंय, पण हिशेबाच्या वहीत तुझी ठेव जशीच्या तशी आहे.

ही ठेव कुणाला हवी असते? मोठ्या यार्डाला फारशी नाही. त्यांचे चांगले घोडे मोठ्या शर्यतींत पळतात आणि तिथे सवलत चालत नाही. तिथे त्यांना नावाजलेला माणूस लागतो. सवलतीची भूक असते ती वीस-बावीस हँडिकॅपवाले घोडे सांभाळणाऱ्याला. (हँडिकॅप म्हणजे बऱ्या घोड्यावर जास्त नि कच्च्यावर कमी वजन ठेवून बरोबरी साधलेली शर्यत.) त्याचा एक घोडा जिंकला की त्या महिन्याचा चारा सुटतो.

सिल्व्हेस्ट्र डि सूझा या जॉकीचं नाव तू यार्डात ऐकलं असशील. नावावरून म्हापशाचा वाटतो, पण आहे ब्राझीलचा. साओ पावलोत नाव कमावून तो आयर्लंडला आला, तुझ्याच किल्डेअरला, एका फार मोठ्या ट्रेनरकडे. सकाळी घोडे फिरवायला मिळायचे, शर्यतीत बसायला नाही. वर्षं गेली. मग तो इंग्लंडात यॉर्कशरच्या एका ट्रेनरकडे गेला. तो ट्रेनर स्वतः जुना जॉकी होता आणि स्प्रिंटच्या, म्हणजे कमी अंतराच्या शर्यतींच्या, घोड्यांसाठी प्रसिद्ध होता. तिथून त्याला घोडे मिळायला लागले. पुढे २०१५, २०१७ आणि २०१८ अशी तीन वर्षं तो ब्रिटनचा चॅम्पियन जॉकी झाला. किल्डेअरमध्ये तो कच्चा होता आणि यॉर्कशरला गेल्यावर पक्का झाला, असं मला वाटत नाही. तिकडे त्याला बसवलं, एवढाच फरक.

त्याच्याऐवजी लोक तुला फ्रँकी डेट्टोरी या नावाजलेल्या जॉकीचं उदाहरण देतील. १९८५ मध्ये चौदा वर्षांचं पोर इटलीतून न्यूमार्केटला, इंग्लंडातल्या घोड्यांच्या गावी, आलं, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, वगैरे. खरं आहे. पण त्याचा बाप इटलीचा अनेक वेळचा चॅम्पियन जॉकी होता, आणि पोराला कुठे ठेवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुझा मामा मोतद्दार. त्यानं तुला घोड्याच्या पायाला हात लावायला शिकवलं असेल, ते कमी नाही, पण न्यूमार्केटला फोन करणं त्याच्या हातात नाही. म्हणून तू डेट्टोरीशी तुलना करून रडू नकोस, डि सूझाचा रस्ता बघ.

एक जुनी गंमत. परमुलखातून येऊन नशीब काढणारे जॉकी पूर्वी आपल्याकडेही यायचे. १९४३ मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीनं, म्हणजे तरुण घोडीनं. वर होता एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियाचा. महायुद्ध संपल्यावर तोच ब्रिट महाराजांच्या घोड्यांसाठी इंग्लंडला गेला आणि १९४७ ची सेंट लेजर ही तिथली मोठी शर्यत त्यानं ज्या घोड्यावर जिंकली त्याचं नाव होतं सयाजीराव. सिडनीचा पोरगा, मुंबईमार्गे, मराठी राजाच्या रंगात, इंग्लंडच्या मैदानावर. तुला किल्डेअरच्या थंडीत आपण फार लांब आलोय असं वाटलं की हे आठव.

तर लहान यार्ड घे. पण असं घे. अप्रेंटिस त्याच्या ट्रेनरशी करारानं बांधलेला असतो. इथून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सॉरी सर, मी सोडतोय’ असं पाठवायचं नाही. परत जा, सकाळचे सगळे लॉट, म्हणजे फिरवायच्या घोड्यांच्या तुकड्या, आटोपले की त्याच्या ऑफिसात उभा राहा आणि सरळ विचार, या हिवाळ्यात डंडॉकला मला बसवणार का? हो म्हणाला तर फेब्रुवारीपर्यंत थांब आणि बघ. घुटमळला तर सांग की एक लहान ट्रेनर विचारतोय, तुमची परवानगी हवी. बहुतेक वेळा मोठा ट्रेनर आनंदानं सोडतो, आणि वर्षभरानं तोच तुला एखाद्या हँडिकॅपला बोलावतो. किल्डेअर मोठं नाही. रुसून गेलास तर सगळ्यांना कळतं.

लहान ट्रेनरकडेही डोळे उघडे ठेवून जा. पगार लेखी घे. शर्यतीची फी आणि बक्षिसातला वाटा कुणाला किती, ते विचार. मला तरुणपणी एकानं ‘तू आपला माणूस, हिशेब कसला’ असं म्हणून दोन सीझन हिशेब दिला नाही. तिसऱ्या सीझनला मी आपला माणूस राहिलो नाही. एजंट नंतर येतील. ते मिळकतीतून ठरलेले टक्के घेतात, आधी पैसे मागणारा एजंट नव्हे.

वजन. इथे जरा ओरडणार आहे.

दोन दिवस उपाशी राहून घोड्यावर बसणं ही मर्दुमकी नाही. पनामाहून १९६६ मध्ये अमेरिकेला गेलेला लाफिट पिंकाय हा फार मोठा जॉकी, ९,५३० विजय. त्याची गोष्ट अशी सांगतात की विमानात त्यानं एका शेंगदाण्याचे दोन तुकडे केले. अर्धा तेव्हा खाल्ला आणि उरलेला बऱ्याच वेळानं. आमच्या पिढीनं ही गोष्ट कौतुकानं ऐकली आणि तिच्या नादात स्वतःच्या पोटाची वाट लावून घेतली. उपाशी आणि सुकलेल्या स्वाराचा हात उशिरा हलतो. घोड्यांच्या घोळक्यात फट उघडते ती क्षणभर, आणि ती त्याला दिसते बंद झाल्यावर. तुझ्या नऊ शर्यतींतल्या किती अशा गेल्या असतील, विचार कर. ब्रिटनच्या रेसकोर्सवरच्या घाम काढायच्या सौना २०२० च्या साथीत बंद झाल्या त्या पुन्हा उघडल्याच नाहीत, याला कारण आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर बंदीच्या यादीत आहेत. कुणी दिली तर त्याच्या तोंडावर फेक.

त्यापेक्षा आकडे बघ. घोड्याला ९ स्टोन (एक स्टोन म्हणजे १४ पौंड) वजन ठरलं, म्हणजे ५७ किलोच्या जरा वर. तुझी ७ पौंडांची सूट गेली की ५४ उरतात, आणि त्यात खोगीर नि कपडेही आले. ५४ किलोचा तू तिथे बसूच शकत नाहीस, म्हणून उपास. पण हँडिकॅपमध्ये वरच्या वजनाचा घोडा ९ स्टोन ७ पौंड किंवा त्याहून जास्त घेऊन पळतो. तिथे सूट वजा जाऊन ५७ च्या आसपास राहतात. तुझ्या अंगाला ते सहज. आणि ज्या घोड्यावर सगळ्यात जास्त ओझं, त्यालाच सूट सगळ्यात गोड लागते. म्हणून नव्या ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांग, मी अमुक वजनाला पोटभर जेवून बसू शकतो, मला वरच्या वजनाचे घोडे द्या. खोटं वजन सांगू नकोस. काट्यावर खोटं चालत नाही आणि एकदा जादा भरलास की ते नाव वर्षभर चिकटतं.

रोजचं जेवण लहान पण चुकवायचं नाही. तिथे स्वारांसाठी आहारतज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे जा. शीत-कढीची आठवण आली तर मूठभर भात आणि भरपूर मासळी, एवढं चालतं. वाढीचं वय अजून पुरतं सरलेलं नाही तुझं. दोन वर्षांनी हाडापेरानं ५८-६० झालास तर फ्लॅट सोडावं लागेल. पण आयर्लंड हा उड्यांच्या शर्यतींचा मुलूख. तिथे कमीत कमी वजन दहा स्टोनच्या आसपास, म्हणजे ६३ किलोच्या घरात. हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नकोस.

तिला हा दाखव. वहिनी, तुमची भीती खरी आहे आणि मी ती खोटी म्हणणार नाही. मी दोनदा गळपट्टीचं हाड मोडून घेतलंय आणि माझ्या बरोबरीचा एक मित्र पुन्हा कधी चालला नाही. तिकडे शर्यतीच्या मागोमाग अ‍ॅम्ब्युलन्स पळते, डॉक्टर हजर असतो, डोक्याला मार लागला तर तपासणीत उतरल्याशिवाय पुन्हा बसू देत नाहीत. धोका तरीही असतो. तुम्ही त्याच्याकडून तीन गोष्टी मागा. विम्याचे कागद, यार्डातल्या एका जबाबदार माणसाचा फोन नंबर, आणि रविवारी फोन. शनिवारी रात्रीपासून त्याच्या फोनची वाट बघत जागू नका, तो तेव्हा झोपलेला असतो. आणि त्याला कोंडून ठेवलंत तर तो वेअरहाऊसमध्ये बसून मोबाईलवर शर्यती बघत राहील. असे मी बघितलेत.

पप्पांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तारवट्यांच्या पैशावर गोव्यातली किती घरं उभी आहेत! पण जहाज पंचविसाव्या वर्षीही तुला घेईल. अप्रेंटिसची सवलत घेऊन पंचविसाव्या वर्षी पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्याला घोडा कोण देतो? ज्याला थांबता येतं ते काम मागे ठेव.

स्विंडनचं सोपं आहे. चुलतभाऊ ब्रेक्झिटच्या आधी गेला असणार. २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनमध्ये पूर्वीसारखं जाऊन कामाला लागता येत नाही, व्हिसा लागतो. आयर्लंड आणि फ्रान्स मात्र युरोपीय संघात, तिथे तुला कुणाची परवानगी नको. फ्रान्सच्या शांतिलीलाही हिवाळ्यात घोडे पळतात, पण एका वेळी एकच परकी भाषा पुरे. आणि ध्यानात घे, तो पासपोर्ट घेतलास तेव्हा भारतीय नागरिकत्व गेलं. डिचोलीत तू आता परदेशी म्हणून राहतोयस. इथे राहण्याची मुदत किती उरली आहे ते आजच बघ, माझ्या सल्ल्याची वाट बघू नकोस.

आता न विचारलेलं एक सांगतो. तू सुट्टीवर आलायस म्हणजे नाक्यावर तुझ्याभोवती पोरं जमत असणार. एखादा म्हणाला असेल, ‘पात्रांव, परत गेल्यावर एक टिप टाक.’ हसून टाळलं असशील. परत गेल्यावर तो मेसेज करेल. मग त्याचा मेहुणा करेल. मग कुणीतरी अनोळखी माणूस गोड बोलेल, आईच्या औषधाला पैसे पाठवू का म्हणेल. जॉकीनं पैजा लावायच्या नाहीत आणि यार्डातली आतली खबर मोबदला घेऊन बाहेर द्यायची नाही, हा नियम सगळीकडे सारखा आहे. मोबदला म्हणजे नोटाच असं नाही. माझ्याकडे दिवाळीला काजूकतलीचे चार डबे आले होते, कुणाकडून ते कळेना. मी ते तसेच ट्रेनरच्या टेबलावर नेऊन ठेवले. ते म्हणाले, बरं केलंस, आणि दोन डबे स्वतः घरी नेले. ते असो. परक्या देशात, वशिला नसलेल्या पोराचं लायसन्स एका स्क्रीनशॉटनं जाऊ शकतं. गावचे ग्रुप म्यूट कर. ज्याला राग येईल त्याला येऊ दे.

किल्डेअरला डिसेंबरात चार-सव्वाचारला अंधार पडतो. त्या वेळेसाठी काहीतरी ठरवून जा. वही लिही, डंडॉकच्या जुन्या शर्यती लावून वळणं बघ, भजनाची क्लिप लाव, काहीही. गेल्या हिवाळ्यात तू खोलीत एकटा बसून काय केलंस ते तू लिहिलं नाहीस, पण चवथीला आलेला पोर नोव्हेंबरपर्यंत परत जात नाही तेव्हा मला ती खोली दिसते.

तिकीट काढलंस की कळव. पहिला शुक्रवार मिळाला की तारीख कळव, मी निकाल बघेन. घोड्याचं नाव मात्र मला आधी कळवू नकोस.

– काका